दिवेलागणीचं दार

माझ्या बहिणीचा खून कुणी केला हे विट्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या माणसानं गुन्हा कबूल केला, ऐवज त्याच्याकडे सापडला, न्यायालयानं शिक्षा दिली आणि वरच्या न्यायालयानं ती कायम केली. तरीही गेली काही वर्षं सगळा महाराष्ट्र ‘रेवतीला कुणी मारलं?’ असं विचारत हिंडतो आहे. कारण एवढंच, की खरं उत्तर फार कंटाळवाणं होतं.

ते उत्तर सांगते. आमच्या भागातले पुरुष गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलेले असतात. जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवायचं, शुद्ध करून सराफाला द्यायचं, हा तो धंदा. रेवतीचा नवरा संपतराव कोइमतूरला होता. विट्यात रेवती आणि तिची तीन वर्षांची ईश्वरी अशा दोघीच. त्यांच्यापासून तिसरं घर माझं. मी तेव्हाही शाळेत विज्ञान शिकवत होते, अजूनही शिकवते. एका माणसाला वाटलं, गलाईवाल्याचं घर म्हणजे आत सोनं असणार. रोज दुसऱ्याचं सोनं वितळवणाऱ्याच्या घरात स्वतःचं किती असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दिवेलागणीला तो उघड्या दारातून आत शिरला. रेवती ओरडली. त्यानं घाबरून तिथलाच वरवंटा उचलला. ईश्वरी समोरच्या पिठाच्या गिरणीत, गिरणीवाल्या हौसाकाकूंच्या कडेवर होती म्हणून वाचली. संपली गोष्ट. त्यात ना प्रेम, ना सूड, ना रहस्य. एक हावरट, भित्रा माणूस आणि एक चांगली बाई, एवढंच.

दार उघडं का होतं, हे पोलिसांनी विचारलंसुद्धा नाही. फौजदार याच भागातला होता. तिन्हीसांजेला दिवा लागला की पुढचं दार लावायचं नाही, लक्ष्मी यायची वेळ असते, हे त्याला त्याच्या आईनंही शिकवलं होतं. एका वाहिनीच्या मुलीनं मात्र हौसाकाकूंपुढे माइक धरला आणि विचारलं, “घरात एकटी बाई, आणि दार उघडं?”

काकू म्हणाल्या, “मग लक्ष्मी काय खिडकीतनं यील व्हय?”

काकूंचं उत्तर त्यांनी कापलं. मुलीचा प्रश्न तेवढा ठेवला आणि त्याच्यामागे धडधड असा आवाज वाजवला.

पुढे निनाद सबनीस नावाचे लेखक आले. बसस्थानकाजवळच्या लॉजवर दोन दिवस राहिले, माझ्याकडे अर्धा कप चहा प्यायले आणि ‘उघड्या दारामागे’ हे पुस्तक लिहून मोकळे झाले. त्यात त्यांनी आमच्या दुष्काळी गावाला एक दुथडी भरून वाहणारी नदी दिली. वाचून गावाला आनंदच व्हायचा, पण त्या नदीच्या काठावर त्यांनी रेवतीला उभं केलं होतं. ‘ती कुणाची वाट पाहत होती का?’ सबनीसांना प्रश्नचिन्हाचा भारी सोस. विधान केलं की पुरावा द्यावा लागतो. प्रश्न विचारणाऱ्याला काहीच द्यावं लागत नाही. पुस्तकाच्या अकरा आवृत्त्या निघाल्या. मुखपृष्ठावर एक बाई दाराला टेकून उभी आहे, पदर ढळलेला. रेवती घरात गाऊन घालायची आणि वर ओढणी.

पुस्तक माणूस वाचतो आणि ठेवून देतो, म्हणून आम्ही ते गिळलं. मग ‘हुबेहूब’ आलं.

‘हुबेहूब’ हे कंपनीचंही नाव आणि त्यांच्या यंत्राचंही. चष्मा डोळ्यांवर चढवला की तुम्ही थेट गुन्हा घडला त्या खोलीत उभे. मेलेलं माणूस तुमच्या हाताच्या अंतरावर वावरतं, बोलतं, आणि मग तुमच्यासमोर मरतं. लोक त्याला नुसतं ‘खोली’ म्हणतात. “काल सोलापूरची खोली बघितली, आज विट्याची बघू,” असं माझ्याच वर्गातली मुलं मधल्या सुट्टीत बोलताना मी ऐकलं आहे.

यातलं शास्त्र अवघड नाही. घरातली वस्तू न् वस्तू आता नोंद ठेवते. विजेच्या मीटरला पंखा कधी लागला ते कळतं, फोनला हात कधी हलला ते कळतं. रेवतीच्या मनगटावरच्या घड्याळात तिच्या नाडीचे ठोके शेवटच्या ठोक्यापर्यंत होते. गिरणीच्या कॅमेऱ्यात समोरचा रस्ता होता. शिवाय पोलिसांचे फोटो आणि डॉक्टरांचा अहवाल. हे झाले आलेखावरचे पक्के बिंदू. पण दोन बिंदूंच्या मधे काय झालं ते कुणालाच माहीत नसतं. मधली जागा यंत्र अंदाजानं भरतं. लाखो घरांची, लाखो माणसांची चित्रणं त्यानं पाहिलेली असतात, त्यांवरून सगळ्यात संभाव्य काय ते ठरवतं. माझ्या नववीच्या मुलांनाही समजतं, की ठरावीक बिंदूंतून हव्या तितक्या रेघा काढता येतात.

इथवर हा निव्वळ अडाणीपणा म्हणता आला असता. पुढचा भाग हुशारीचा आहे. चष्मा जसा तुम्हाला दाखवतो तसा तुम्हाला बघतोही. तुमच्या डोळ्यातली बाहुली कधी मोठी झाली, नाडी कधी वाढली, कंटाळून मान कधी वळली, हे सगळं कंपनीकडे जातं. ज्या अंदाजानं बघणारा खिळून राहतो तो अंदाज यंत्र पुढच्या वेळी अधिक संभाव्य धरतं. बिंदू जिथल्या तिथे राहतात. रेघ मात्र रोज थोडी थोडी लोकांच्या नाडीकडे झुकत जाते. कुणी खोटं बोलत नाही. लाखो माणसं नुसती टक लावून बघतात आणि माझी बहीण हळूहळू बदलते.

मी त्या खोलीत पाऊल टाकणार नव्हते. घरातलं दुसरं माणूस रोज तिथे जातं हे मला उशिरा कळलं.

ईश्वरी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. संपतरावांनी कोइमतूरला दुसरं लग्न केलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पोर मी वाढवली. एका संध्याकाळी मी भेंडी चिरत होते आणि ती समोर येऊन बसली.

“मावशी, तांदूळ निवडताना आई खालचा ओठ आत घ्यायची का?”

मला चटकन आठवेना, आणि त्याचाच मला राग आला. “तुला कुणी सांगितलं?”

“खोलीत घेते.”

मी सुरी खाली ठेवली. “तू तिथं जातेस?”

“रोज जाते. शेवट नाही बघत मी. सुरुवातीचं तेवढंच. आई तांदूळ निवडते, मग उठते, देवापाशी दिवा लावते. तिथवर बघते आणि चष्मा काढते.” ती माझ्याकडे न बघता बोलत होती. “मला ती हललेली आठवत नाही गं. फोटोत ती हलत नाही.”

मी भेंडीचं ताट बाजूला सारलं.

“पण आता ती पहिल्यासारखी राहिली नाही,” ईश्वरी म्हणाली. “आता तांदूळ निवडता निवडता सारखी घड्याळाकडे बघते. परवा तर उठून केस विंचरले, पावडर लावली, आणि दाराची कडी आपल्या हातानं काढून ठेवली. मावशी, खरं सांग. आई कुणाची वाट बघत होती?”

“कुणाचीही नाही.”

“मग दार का उघडलं?”

“ते लावलेलंच नव्हतं. आपल्या दाराकडे बघ. आत्ता कसं आहे?”

देवापाशी दिवा लागला होता. दार सताड उघडं होतं, रोज असतं तसं. ईश्वरीनं ते पाहिलं.

“तू कुणाची वाट बघतेस?” मी विचारलं.

“कुणाची नाही.” मग ती हळूच म्हणाली, “पण तिथं ती खरंच बघते ना.”

त्या आठवड्यात मी रजा टाकली आणि पुण्याला ‘हुबेहूब’च्या कचेरीत गेले. सगळीकडे काचा, आणि कोपऱ्यात खऱ्या मातीच्या कुंडीत प्लास्टिकची तुळस. गार्गी नावाची एक तरुण मुलगी भेटली. गोड बोलायची, सारखी “समजू शकते मॅडम” म्हणायची. शेजारी सबनीस बसले होते. ते आता कंपनीचे सत्य-सल्लागार होते. हे पद मी बनवून सांगत नाही, त्यांच्या दारावर तशी पाटी होती.

मी दाराचं सांगितलं. गार्गीनं पडद्यावर काहीतरी उघडलं. “मॅडम, आमच्या डेटानुसार शहरी, निमशहरी घरात एकट्या स्त्रीचं दार संध्याकाळी बंद असण्याची शक्यता फार मोठी आहे. कुलूप तोडलेलं नव्हतं. म्हणजे दार आतून उघडलं गेलं. म्हणजे ओळखीच्या माणसासाठी. मॉडेल त्याच्या जागी बरोबर आहे.”

“तुझं माहेर कुठलं?” मी विचारलं.

“सातारा.”

“तुझी आई दिवेलागणीला दार लावते?”

ती मुलगी लाजल्यासारखी हसली. “नाही. ओरडते लावलं तर.”

“आणि सबनीस, तुमच्याकडे?”

“शैलजाताई, आमच्याकडेही तीच पद्धत होती,” सबनीस शांतपणे म्हणाले. “आम्हाला हे कळत नाही असं समजू नका. आम्ही ती आवृत्तीही करून पाहिली. दार उघडंच आहे, माणूस सरळ आत येतो. लोक मिनिटाभरात चष्मा काढतात. त्यांना वाटतं, असं तर कुणाच्याही घरात होईल.”

“तसंच झालं होतं.”

“म्हणूनच ते बघवत नाही त्यांना.” हे त्यांनी अगदी सहानुभूतीनं सांगितलं. मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि वाजवली नाही याची अजून चुटपुट आहे.

मी उठले तेव्हा गार्गी दारापर्यंत आली. “मॅडम, एक मार्ग आहे. तुमच्याकडे काही खरं असेल तर द्या. चित्रण, आवाज, काहीही. खरा बिंदू आला की मॉडेलला त्याला सोडून जाता येत नाही. त्याला त्यातून जावंच लागतं.” मला वाटतं ती मनापासून बोलत होती.

खरं एक होतं. रेवतीनं कधीतरी मला फोनवर धाडलेली छोटीशी चित्रफीत. दिवेलागणीची वेळ, उघडं दार, उंबरठ्यावर ईश्वरी डुगडुगत उभी, आणि कॅमेऱ्यामागून रेवतीचा आवाज: “ताई, ये की. दार उघडंच आहे. इशू तुझ्यासाठी थांबलीय बघ, जेवंना झालीय.” एवढंच. ईश्वरी लहानपणी ती फीत कानाशी लावून झोपायची. आईचा म्हणून तिच्याकडे तेवढाच आवाज होता.

मी म्हणाले, “हे त्यांना द्यायचं नाही.”

ईश्वरी म्हणाली, “द्यायचं. आईची बाजू सांगायला आईशिवाय कोण आहे? दार उघडं असायचं हे ती स्वतः सांगतेय.”

“ते लोक चांगले नाहीत, इशू.”

“नसू दे. पण लाखभर माणसं रोज तिला कडी काढताना बघतात. मला ते बंद करायचंय.”

वारस तीच होती. संमती तिची लागत होती. तिनं अंगठा टेकवला आणि रेवतीचा आवाज पुण्याला गेला.

महिन्याभरात नवी खोली आली. ईश्वरीनं आधी एकटीनं पाहिली आणि धावत येऊन माझ्या डोळ्यांवर चष्मा चढवला. “बघ तू. माझ्यासाठी बघ.”

मी पाहिलं. रेवती जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. दार उघडं होतं. बाहेर गिरणीचा पट्टा फटफटत होता. तिनं उठून दिवा लावला, हात जोडले, आणि मागे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाली, “ताई, ये की. दार उघडंच आहे.” मी यंत्राचं सगळं शास्त्र जाणून होते, तरी “आले गं” असं माझ्या तोंडून निघून गेलं. ईश्वरीनं चष्मा काढला तेव्हा आम्ही दोघी रडत होतो. त्या रात्री आम्ही शेवयाची खीर केली. वेडेपणाच तो, पण घरात काहीतरी परत आल्यासारखं वाटत होतं.

काही आठवडे ते तसंच राहिलं. मग बघणाऱ्यांनी आपलं काम केलं.

ईश्वरी जेवताना अबोल झाली. विचारलं तर “काही नाही.” एक दिवस मी शाळेतून आले तर ती चष्मा मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती. चेहरा पांढराफटक.

“काय झालं?”

“आज मी चष्मा काढायच्या आत ती बोलली.” तिचा आवाज कोरडा होता. “दिवा लावला. केस सोडले. दारात तो माणूस आला. आणि आई हसून म्हणाली, ये की. दार उघडंच आहे.”

मी चष्मा लावला नाही. लावायची गरज नव्हती. सगळं माझ्या ध्यानात आलं. आलेखावर बिंदूची जागा ठरवायला दोन निर्देशक लागतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. आम्ही त्यांना वाक्य दिलं होतं. ते कुठल्या क्षणी, कुणाला उद्देशून बोललं गेलं ते यंत्रासाठी मोकळंच राहिलं होतं. सुरुवातीला यंत्रानं ते दिव्यापाशी ठेवलं. तिथे नाड्या हलल्या नाहीत. मग ते रोज थोडं थोडं दाराकडे सरकत गेलं. ‘ताई’ हा शब्द वाटेत कुठेतरी गळून पडला.

मी गार्गीला फोन लावला. “मॅडम, आवाज खरा आहे, वाक्य खरं आहे, दार उघडं असणंही तुम्हीच सांगितलं होतं. आमच्याकडे तक्रारीचा रकाना ‘असत्य’ या नावाचा आहे. यातलं असत्य काय लिहू?” मग बारीक आवाजात म्हणाली, “मी नोकरी सोडतेय.” सोडली असेल. खोली काही बंद पडली नाही. सबनीसांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली, तिचं नाव ‘ये की, दार उघडंच आहे’. अर्पणपत्रिका रेवतीला आहे.

नंतर माणसं विट्यालाच येऊ लागली. रेवतीचं घर कधीचं कुलूपबंद होतं, तरी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढायची. वेळ ठरलेली, तिन्हीसांजेची. हौसाकाकू पार थकल्या होत्या, तरी गिरणीच्या पायरीवरून ओरडायच्या, “घरी आया-बहिनी न्हाईत व्हय रं तुमास्नी?” त्यांचंही लोक चित्रण करायचे.

त्या दिवशी मी दिवा लावून वळले तर आमच्या उंबरठ्यावर दोघं उभी होती. नवराबायको असावीत, चांगल्या घरची. हातात पेढ्यांचा पुडा होता. बाई नम्रपणे म्हणाली, “आत येऊ का? दार उघडंच होतं म्हणून.”

ईश्वरी आत अभ्यास करत होती. मी म्हणाले, “काय काम आहे?”

“काम नाही हो. आम्ही खोली कितीदा तरी पाहिली. रेवतीताईंबद्दल फार वाईट वाटतं. तुम्ही त्यांच्या बहीण ना? आवाज अगदी तोच आहे तुमचा.” तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं फोन वर धरला. “एकदा म्हणाल का ते? आमच्यासाठी?”

मला ते काय मागतायत हे कळायलाच वेळ लागला. मी पन्नाशी ओलांडलेली, पोरांवर खेकसून जन्म काढलेली मास्तरीण, पण त्या बाईच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं आणि त्याला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही.

ईश्वरी बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्या आणि त्यांच्या मधे येऊन उभी राहिली, तेव्हा ती दोघं आपोआप मागे सरकली. पेढ्यांचा पुडा पायरीवरच राहिला.

“मावशी,” पाठमोरीच ती म्हणाली, “आईची ती फीत मी पुसून टाकली.”

“का गं?”

“आता ती लावली की मला मी दिसत नाही उंबरठ्यावर. तोच दिसतो.”

देवापाशी दिवा नुकता लागला होता. ईश्वरीनं दाराच्या दोन्ही फळ्या ओढून घेतल्या. ‘या वेळेला दार लावू नये गं’ हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. माझी आई ते म्हणायची, रेवती म्हणायची, मी ईश्वरीला लहानपणापासून म्हणत आले होते. मी ते गिळलं.

तिनं कडी घातली आणि पक्की बसली का ते ओढून पाहिलं. बाहेरून त्या बाईचा आवाज आला, नवऱ्याला सांगत होती, “बघ, हे बंद करतात. मग तिचंच कसं उघडं होतं?”